पॅटर्न पाठ आहेत, पण वादन एकसुरी

प्रश्न : आम्ही चार मित्र दर रविवारी गिटारवर जॅझचे पॅटर्न (ठरलेल्या छोट्या स्वररचना) घोटतो. ते हाताला बसले आहेत; तरी इम्प्रोव्हायझेशन करताना, म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते वाजवताना, सगळ्यांचे वादन सारखेच का वाटते?

उत्तर : सगळे जण एकच पॅटर्न एकाच जागेवरून वाजवत असतील, तर तसे होणारच. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन ही कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांची) मालिका घ्या. एकाने केवळ कॉर्ड वाजवाव्यात आणि दुसऱ्याने प्रत्येक कॉर्डचे, तिच्या मूळ स्वरापासून मोजून, तिसरा व सातवा हे दोनच स्वर धरावेत, म्हणजे पहिल्या बदलात ‘सी’ अर्धस्वराने उतरून ‘बी’ होतो आणि ‘एफ’ जागीच राहतो, तर दुसऱ्यात ‘एफ’ उतरून ‘ई’ होतो, हे कानाला कळेल. मग पहिला, दुसरा, तिसरा, पाचवा हा पॅटर्न वाजवून पुढच्या कॉर्डच्या तिसऱ्या स्वरावर उतरा : डी, ई, एफ, ए आणि लगेच बी. उरलेल्या दोघांनी चार-चार बार (इथे एक बार म्हणजे चार बीट, अर्थात मात्रा) आलटून पालटून वाजवावेत. मात्र आधीच्याच्या वाक्याचा, म्हणजे सुरावटीचा, शेवट उचलूनच पुढच्याने सुरुवात करावी. (माझ्या मते खरी मेहनत हीच.) मेट्रोनोमचा (लयीचे ठोके देणाऱ्या यंत्राचा) ठोका दुसऱ्या व चौथ्या बीटवर धरा. १९३९ मध्ये जॅझ वाद्यवृंदप्रमुख बेनी गुडमन यांच्याकडे रुजू झालेले गिटारवादक चार्ली ख्रिश्चन यांचे वादनही अवश्य ऐका. त्यांची वाक्ये बहुधा कॉर्डच्या आकारांतूनच उगवतात.