नमाजेतील पाठ शब्द आणि अपुरी राहिलेली दुआ

तुम्ही लिहिले आहे की, लहानपणापासून पाच वेळची नमाज पढत आलात, तिचे सगळे शब्द पाठ आहेत, आणि नेमके त्यामुळेच ते ओठांवरून निघून जातात, मन मात्र दुसरीकडेच असते. याउलट आईच्या आजारपणात कित्येक महिने स्वतःच्या शब्दांत, रडून जी दुआ मागितली तिच्यात मन पूर्णपणे होते, पण आई वाचली नाही. तिच्या जनाज्याची (अंत्यविधीची) नमाज पढून आल्यापासून दुआसाठी हातच उचलले जात नाहीत, आणि त्यात एका नातेवाइकाने ‘तुमच्या श्रद्धेतच काही उणे राहिले असेल’ असे सांगितले. मग नमाज म्हणजे सवय आणि दुआ म्हणजे मागणी, एवढाच दोन्हींचा अर्थ उरतो का, असे तुम्ही विचारले आहे.

नातेवाइकांच्या त्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते बाजूला काढल्याशिवाय पुढचे काही नीट दिसणार नाही. असे म्हणण्याचा अधिकार त्यांना नव्हता, आणि कोणालाच नसतो. पैगंबर नूह अलैहिस्सलाम (त्यांच्यावर शांती असो) यांनी तुफानात बुडालेल्या मुलासाठी आपल्या रबला, म्हणजे पालनकर्त्याला, हाक मारली, तेव्हा त्यांना नकार मिळाला. कुरआनातील सूरह (अध्याय) हूदमध्ये तो प्रसंग आहे. खुद्द प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या उम्मतसाठी (अनुयायी समुदायासाठी) तीन गोष्टी मागितल्या: ती दुष्काळाने नष्ट होऊ नये, ती बुडून नष्ट होऊ नये आणि तिच्या लोकांनी आपसात लढू नये. पहिल्या दोन दिल्या गेल्या आणि तिसरी नाकारली गेली, असे त्यांनी स्वतः सांगितल्याची हदीस (प्रेषितांच्या वचनाची नोंद) सहीह मुस्लिम या संग्रहात आहे. ज्यांच्या श्रद्धेबद्दल शंकाच संभवत नाही त्यांचीही एखादी मागणी नाकारली गेली असेल, तर मागितलेली गोष्ट न मिळणे हे मागणाऱ्याच्या श्रद्धेचे मोजमाप कसे ठरेल? हे वाक्य मनातून काढून टाका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अरबीत ‘दुआ’ या शब्दाचा मूळ अर्थ हाक मारणे असा आहे. मराठीत हा शब्द ‘दुवा’ होऊन आला आणि येताना आशीर्वादाकडे सरकला. आपण कोणाची तरी दुवा घेतो, कोणी आपल्याला दुवा देते. त्यामुळे दुआ ही काहीतरी पदरात पडण्याशी जोडलेली गोष्ट आहे, असे आपल्या कानाला नकळत वाटू लागते. मूळ शब्दात मात्र देणेघेणे अजून आलेलेच नाही, तिथे फक्त कोणीतरी कोणाला हाक मारतो आहे. ज्याला आपण नमाज म्हणतो तिचे अरबी नाव ‘सलात’, आणि या शब्दाचाही जुना अर्थ दुआ असाच दिला जातो. सूरह तौबाच्या 103व्या आयतीत (वचनात) प्रेषितांना लोकांसाठी ‘सलात’ करायला सांगितले आहे, तिथे त्यांच्यासाठी दुआ करणे हाच अर्थ आहे. तुम्ही ज्या नमाजेचा उल्लेख केलात तीच आठवून पाहा. जनाज्याच्या नमाजेत रुकू (कमरेतून वाकणे) नसतो, सजदा (कपाळ जमिनीला टेकणे) नसतो. उभ्याउभ्या चार तकबीर (‘अल्लाहु अकबर’ म्हणणे), अल्लाहची स्तुती, दरूद (प्रेषितांसाठीची दुआ) आणि गेलेल्या माणसासाठी मगफिरतची (क्षमेची) दुआ एवढेच असते, तरीही तिला नमाजच म्हणतात. म्हणजे त्या दिवशी आईसाठी तुम्ही जी नमाज पढलीत ती आतून बाहेरून दुआच होती. तुम्ही या दोन गोष्टी वेगळ्या खणांत ठेवल्या आहेत, आणि तुमचा त्रास बराचसा तिथूनच सुरू होतो असे मला वाटते.

सूरह बकरामध्ये 183 ते 187 या आयती रोज्यांविषयी आहेत. त्यांच्या ऐन मध्यावर, विषय मोडून आल्यासारखी, 186वी आयत येते: ‘माझे बंदे (दास) तुला माझ्याविषयी विचारतील तेव्हा मी तर जवळच आहे, हाक मारणारा मला हाक मारतो, तेव्हा मी त्याच्या हाकेला उत्तर देतो.’ कुरआनात लोकांनी प्रेषितांना विचारलेले प्रश्न जिथे जिथे येतात, उदाहरणार्थ याच सूरहमध्ये चंद्रकोरींविषयी, तिथे बहुतेक वेळा उत्तराआधी ‘सांग’ असा शब्द असतो. या आयतीत तो नाही. बंद्याने अल्लाहविषयी विचारले आणि निरोप सांगणाऱ्याला मध्ये न घेता उत्तर थेट आले, याकडे भाष्यकारांनी आवर्जून लक्ष वेधले आहे. मला या आयतीतला आणखी एक शब्द महत्त्वाचा वाटतो. ‘मी देतो’ असे इथे म्हटलेले नाही, ‘मी उत्तर देतो’ असे म्हटले आहे. हाकेला ओ मिळणे आणि मागितलेली वस्तू मिळणे या दोन गोष्टी बऱ्याचदा एकत्र येतात, पण त्या एकच नाहीत. तापाने फणफणलेले मूल थंड पाणी मागते तेव्हा आई उशाशी येऊन बसते, हात धरते, आणि कदाचित पाणी देत नाही. तिने हाक ऐकली नाही असे मूल त्या घटकेला म्हणेलही, पण ती तर रात्रभर तिथेच बसलेली असते.

पैगंबरांच्या ज्या दुआ कुरआनाने जपून ठेवल्या आहेत, त्या या दृष्टीने पुन्हा वाचाव्यात असे मी सुचवीन. अय्यूब अलैहिस्सलाम दीर्घ आजारात एवढेच म्हणतात की, ‘मला दुःखाने गाठले आहे आणि तू सर्व दयाळूंत अधिक दयाळू आहेस.’ बरे कर, असा शब्द त्यात नाही. यूनुस अलैहिस्सलाम माशाच्या पोटातल्या अंधारातून बाहेर काढ असे म्हणत नाहीत. तुझ्याशिवाय कोणी पूज्य नाही, तू पवित्र आहेस, चुकलो तो मीच, असे म्हणतात. मला मात्र सर्वांत जवळची वाटते ती मूसा अलैहिस्सलाम यांची दुआ. ते मिसरमधून (इजिप्तमधून) जीव वाचवून पळालेले आहेत, मदयनच्या पाणवठ्यावर अनोळखी आहेत, घर नाही, काम नाही, सोबत कोणी नाही. तिथे दोन मुली आपली जनावरे आवरून एका बाजूला थांबलेल्या दिसतात, त्यांच्या जनावरांना ते पाणी पाजतात, मग सावलीत जाऊन म्हणतात, ‘माझ्या रब, तू जे काही भले माझ्याकडे पाठवशील त्याचा मी गरजू आहे.’ काय हवे ते त्यांनी सांगितलेच नाही, फक्त स्वतःची स्थिती समोर मांडली. दुआचा गाभा मला इथे सापडतो. माणसाने आपले गरजूपण न लपवता, न सजवता, ज्याच्यापुढे ते मांडण्यात कमीपणा नाही त्याच्यापुढे मांडणे म्हणजे दुआ. ‘दुआ हीच इबादत आहे’ या हदीसचा अर्थही मी असाच समजतो. मागणे ही उपासनेनंतरची वेगळी पायरी असती तर तिला उपासना म्हटले गेले नसते.

याचा अर्थ स्पष्ट काही मागूच नये असा अजिबात नाही. ‘हवे असेल तर क्षमा कर’ असे बिचकत न मागता निश्चयाने मागावे, हीच शिकवण आहे, आणि आईचे आयुष्य मागण्यात तुम्ही काहीही चूक केली नाही. इथे नेहमीची शंका येते की, सर्व काही आधीच लिहिलेले असेल तर मागून काय होणार. 1111 साली निधन पावलेले इस्लामी विचारवंत इमाम गजाली यांनी यावर दिलेले उत्तर मला आजही पुरेसे वाटते. ढाल बाण अडवते आणि पाण्याने बी उगवते. ढाल हातात घेणारा तकदीर नाकारत नाही, कारण बाण जसा लिहिलेला असतो तशी ढालही लिहिलेली असते. दुआ ही त्या ढालीसारखे एक कारण आहे. त्यापुढे जाऊन ते असेही म्हणतात की, दुआमुळे मन अल्लाहपुढे हजर होते आणि इबादतीचे अंतिम उद्दिष्ट तेच आहे. मुसनद अहमद या संग्रहातील हदीसनुसार, ज्या दुआत पाप किंवा नाते तोडणे नाही ती वाया जात नाही: मागितलेले लवकर मिळते, किंवा ते आखिरतसाठी (मृत्यूनंतरच्या जीवनासाठी) ठेवले जाते, किंवा तेवढेच एखादे संकट टळते. तुमच्या बाबतीत यांपैकी काय झाले हे कोणीही माणूस सांगू शकणार नाही, आणि सांगू लागला तर ऐकू नका. तुमचे अश्रू या सगळ्याच्या विरोधात जात नाहीत. प्रेषितांचा तान्हा मुलगा इब्राहीम त्यांच्यासमोर गेला तेव्हा त्यांचेही डोळे वाहिले. डोळे रडतात, हृदय दुःखी होते, पण रबला आवडेल तेच आम्ही बोलतो, असे ते म्हणाले.

उरला पाठ शब्दांचा प्रश्न. रोजच्या फर्ज (अनिवार्य) नमाजांच्या रकाती, म्हणजे नमाजेची आवर्तने, 2, 4, 4, 3 आणि 4 मिळून 17 होतात, आणि प्रत्येक रकातीत फातिहा असते, म्हणजे सूरह फातिहाच्या सात आयती आपण दिवसातून कितीदा पढतो किंवा ऐकतो याचा हिशेब करता येईल. सहीह मुस्लिममधील एका हदीसमध्ये अल्लाह म्हणतो की, ही नमाज मी माझ्या आणि माझ्या बंद्याच्या दरम्यान अर्धी अर्धी वाटली आहे. बंदा ‘अल्हम्दु लिल्लाहि रब्बिल आलमीन’ म्हणतो तेव्हा उत्तर येते, माझ्या बंद्याने माझी स्तुती केली. ‘तुझीच आम्ही उपासना करतो आणि तुझ्याकडेच मदत मागतो’ या आयतीवर उत्तर येते, हे माझ्या आणि माझ्या बंद्याच्या मधले आहे, आणि त्याने जे मागितले ते त्याला मिळेल. ही हदीस कळल्यानंतर मी फातिहाची प्रत्येक आयत स्वतंत्र श्वासात पढू लागलो, कारण समोरून उत्तर येत असताना आपण बोलत सुटणे बरे वाटेना. मन तरीही भटकते. नमाजेत शैतान येऊन हे आठव, ते आठव असे सांगत राहतो आणि माणूस किती रकाती झाल्या तेही विसरतो, असे हदीसमध्येच आहे, आणि विसरणाऱ्यासाठी सजदा सह्वची (चूक भरून काढणाऱ्या जादा सजद्यांची) सोय शरीअतने ठेवली आहे. ज्या उपासनेच्या नियमांतच विसरण्याला जागा आहे, ती मन भटकणाऱ्याला दारातून परत पाठवणारी नाही.

शिवाय नमाज फक्त मनाने पढायची नसते, शरीरही पढत असते. माझे वडील शेवटच्या दिवसांत अंथरुणावरून उठू शकत नव्हते, तेव्हा ते पडल्या पडल्या मानेच्या इशाऱ्याने नमाज पढत. अशा वेळी सजद्याचा इशारा रुकूच्या इशाऱ्यापेक्षा थोडा अधिक खाली असावा असा नियम आहे. मी शेजारी बसलेला असे. रुकूसाठी त्यांची हनुवटी बोटभर खाली येई, आणि सजद्यासाठी त्याहून आणखी थोडी, तेवढ्यानेही गळ्याच्या शिरा ताणल्या जात. शेवटी शेवटी त्यांना आमची नावे आठवत नव्हती, पण रुकू आणि सजदा यांतले ते एवढेसे अंतर त्यांनी कधी चुकवले नाही. आयुष्यभराच्या ज्या सवयीला तुम्ही रिकामी म्हणता, ती त्या दिवसांत त्यांच्याजवळ उरलेली एकमेव भाषा होती, आणि तिच्यात ते कोणाला तरी हाक मारत होते, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. कपाळ जमिनीला टेकलेले असताना, म्हणजे शरीर सर्वांत खाली असताना, आपण ‘सुब्हाना रब्बियल आला’, माझा सर्वोच्च रब पवित्र आहे, असे म्हणतो. आणि बंदा आपल्या रबच्या सर्वाधिक जवळ सजद्यातच असतो, म्हणून तिथे भरपूर दुआ मागा, असे प्रेषितांनी सांगितले आहे. सजद्यात स्वतःच्या भाषेत मागावे की नाही याबद्दल फिक्हच्या (इस्लामी विधिशास्त्राच्या) मतांमध्ये फरक आहे, तो आपल्या जवळच्या जाणकाराला विचारावा. सलाम फिरवून नमाज संपवल्यानंतर मात्र कोणत्याही भाषेत मागता येते.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती माझ्या मनाची नाही, कुरआनातलीच आहे. सूरह माऊनमध्ये ज्या नमाज पढणाऱ्यांची निर्भर्त्सना केली आहे ते आपल्या नमाजेविषयी बेफिकीर असतात, दिखाव्यासाठी पढतात आणि साध्या वापराच्या वस्तूही दुसऱ्याला देत नाहीत. नमाजेत मन लागत नाही म्हणून ज्याला झोप लागत नाही, तो त्यांच्यात मोडत नाही.

हात उचलले जात नाहीत असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून आणखी एक सांगतो. शेवटच्या बैठकीत, दरूदनंतर आणि सलामच्या आधी, अनेक जण सूरह इब्राहीममधील 40 आणि 41 या आयती पढतात, आणि नमाज शिकतानाच तुम्हीही त्या बहुधा पाठ केल्या असतील: ‘रब्बिज्अल्नी मुकीमस्सलाति व मिन जुर्रिय्यती, रब्बना व तकब्बल दुआ, रब्बनग्फिर ली व लिवालिदय्या व लिल्मुअमिनीना यौमा यकूमुल हिसाब.’ माझ्या रब, मला आणि माझ्या संततीला नमाज कायम करणारे कर, आमच्या रब, माझी दुआ स्वीकार. आमच्या रब, हिशेबाच्या दिवशी मला, माझ्या आईवडिलांना आणि सर्व श्रद्धावंतांना क्षमा कर. तुम्ही वेगळ्या केलेल्या नमाज आणि दुआ या दोन्ही गोष्टी इथे एकाच श्वासात आल्या आहेत, आणि लगेच पुढे ‘लिवालिदय्या’, म्हणजे ‘माझ्या आईवडिलांना’, हा शब्द आहे. माणूस गेल्यावर त्याची कृत्ये थांबतात, पण त्याच्यासाठी दुआ करणारी नेक संतती हे चालू राहणाऱ्या तीन गोष्टींपैकी एक आहे, ही हदीस तुम्हाला ठाऊक असेल. मनाविना पढल्या म्हणून ज्या नमाजांची तुम्हाला खंत वाटते, त्यांत ही दुआ पढली गेली असेल तर तितक्या वेळा आईचे नाव तुमच्या ओठांवरून वर गेलेले आहे. आज इशाच्या (रात्रीच्या) नमाजेत त्या शब्दापाशी थोडे थांबा. हात त्या वेळी मांडीवरच असतात, ते उचलावे लागत नाहीत.