नाशिकमध्ये नोकरदार पालकांसाठी दिवसभराचं पाळणाघर सुरू करायचं आहे. सुरुवात कुठून करू, आणि ते परवडतं का?

तुम्ही लिहिलंय की इंदिरानगरला घराच्या खालच्या दोन खोल्या मोकळ्या आहेत, रंगकामाचा आणि खेळण्यांचा खर्च काढून झालाय, आता फी किती ठेवायची तेवढं ठरवायचंय. मी पाथर्डी फाट्याजवळ बरीच वर्षं पाळणाघर चालवते. माझं ऐकाल तर रंगकाम थोडं थांबवा आणि आधी मुलं सांभाळणाऱ्या ताईंचा हिशेब मांडा. बाकी सगळं त्यावर ठरतं, फीसुद्धा.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस धरली आहे. आता समजा सकाळी ८ ते संध्याकाळी ७ उघडं ठेवलं, म्हणजे ११ तास झाले. दोघी कायम हजर हव्यात, म्हणजे रोजचं २२ तासांचं काम. एकीने आठ तास करायचं, मध्ये तिने जेवायचं, पाठ टेकायची, तर तिघींशिवाय भागत नाही. समजा प्रत्येकीला १५ हजार दिले, तर ४५ हजार झाले. १० मुलांत वाटले की एका मुलामागे साडेचार हजार फक्त पगाराचे. तुम्हाला भाडं नाही हे खरं, पण खाणं, वीज, साफसफाई, एखादी ताई आजारी पडली तर बदलीची बाई, हे सगळं त्याच्या वर. साडेसहा-सात हजारांच्या खाली मला तरी हे गणित बसवता येत नाही. गल्लीत कुणी तीन हजारांत मुलं घेत असेल तर त्यांच्याशी चढाओढ करू नका. तिथे एकटी बाई किती मुलं बघते, एवढं पालकांना विचारायला सांगा.

पगारावर मी इतकी अडून बसते त्याला कारण आहे. सहा-सात महिन्यांच्या पुढे बाळ माणसं ओळखायला लागतं, अनोळखी चेहरा दिसला की भेदरतं. कमी पगारावर ताई टिकत नाही, आणि दर दोन महिन्यांनी नवी बाई आली की बाळं जेवणं सोडतात, दुपारची झोप मोडते. म्हणून आमच्याकडे प्रत्येक ताईची तीन-चार बाळं ठरलेली असतात. तीच भरवते, तीच झोपवते, आणि संध्याकाळी आईला दिवसभराचं तीच सांगते. दोन महिन्यांची सुट्टी घेऊन गेलेली ताई परत आल्यावर मुलं तिच्या पदराला कशी धरतात ते बघितलं की पगारवाढीबद्दल वाद घालावासा वाटत नाही.

पालक पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा विचारतात. बसवाच. पण नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला आयाने केलेली मारहाण कॅमेऱ्यातच दिसली होती. मुलीला झालेली इजा लक्षात आल्यावर चित्रण तपासलं गेलं. घडून गेलेलं कॅमेरा दाखवतो. घडू नये यासाठी एका खोलीत कधीही एकटी बाई न ठेवणं, दाराला काच असणं, पालकांना न सांगता कधीही येऊ देणं आणि प्रत्येकीची पोलीस पडताळणी, हे लागतं. थकलेल्या ताईला तासभर विश्रांती देणं हीसुद्धा सुरक्षिततेचीच बाब आहे.

आता बाळांच्या वयाचं. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यातली काही प्रसूतीआधीच गेलेली असते, त्यामुळे तुमच्या दारात येणारं बाळ पाच-सहा महिन्यांचं, अजून अंगावर पिणारं असेल. फ्रिजमध्ये आईच्या दुधासाठी वेगळा कप्पा ठेवा, प्रत्येक बाटलीवर नाव आणि वेळ. झोपवताना उताणंच झोपवा. वर्षाच्या आत मध चाटवू नका, आजीने डब्यात पाठवला तरी. आणि आपल्या नाशिकची खास गोष्ट म्हणजे द्राक्षं. हंगामात प्रत्येक डब्यात ती येणार. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात अडकू शकतं. उभं चिरून चार फोडी केल्याशिवाय देऊ नका. शेंगदाणे तर नकोच. घशात काही अडकलं तर काय करायचं, हे प्रशिक्षण सगळ्या ताईंना पहिलं मूल येण्याआधी द्या.

वेळेवरून बऱ्याच पालकांची पंचाईत होते, म्हणून स्पष्ट लिहिते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पहिली पाळी सकाळी सातला लागते, साप्ताहिक सुट्टी सगळ्यांची रविवारी नसते, आणि संध्याकाळी मुंबई नाक्याला किंवा द्वारका चौकात अडकलेली आई साडेसहाला पोचेलच असं नाही. सकाळी दहाला उघडून पाचला बंद होणारी जागा अशा घरांच्या उपयोगाची नाही. जाहिरात करण्याआधी ओळखीच्या दहा घरांना त्यांच्या खऱ्या वेळा विचारा आणि मग उघडण्याची वेळ ठरवा. उशीर झाल्यास जादा पैसे घ्यायचे असतील तर ते त्या दिवशी थांबणाऱ्या ताईला द्या. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत. त्या दिवशी रस्ते बंद असतात, कोणती ताई कुठून येते ते आत्ताच बघून ठेवा.

फी परवडत नाही असं म्हणणारे पालक खरंच असतात, आणि त्यांना परत पाठवताना जीव तुटतो. तिथे कंपन्यांशी बोला. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणं कायद्याने बंधनकारक आहे, आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ देणंही. आता ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. प्रत्येकाने स्वतःचं बांधलंच पाहिजे असं नाही, सामाईक सोयही चालते. अंबडच्या तीन-चार मध्यम कारखान्यांनी मिळून तुमच्याकडे जागा राखल्या, तर फीचा मोठा भाग कंपनी उचलेल आणि तुम्हाला दरमहा ठरलेली रक्कम मिळेल. मनुष्यबळ विभागातल्या माणसाला भेटायला जाताना ताईंची यादी आणि त्यांच्या वेळा सोबत न्या. खेळण्यांचे फोटो कुणी विचारत नाही.

कागदपत्रं फार अवघड नाहीत. वीसपेक्षा कमी कर्मचारी असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली ऑनलाइन सूचना देऊन भागतं. स्वयंपाक तुम्ही करणार असाल तर अन्नसुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी, सोसायटी असेल तर तिची लेखी संमती, आणि जवळच्या बालरोगतज्ज्ञांशी आधीच बोलणं. प्रवेशाच्या वेळी लसीकरणाचं कार्ड आणि मुलाला घेऊन जाऊ शकणाऱ्या माणसांचे फोटो घ्या.

पहिले सहा महिने आठ मुलांवर थांबा, मागणी कितीही असली तरी. तुमच्या खोल्यांना बाहेर पडायला दुसरं दार आहे का, आणि अंगणात ऊन किती वाजता येतं, ते इथे लिहा. थंडीत सकाळी लवकर आलेली बाळं कुठल्या खोलीत ठेवायची, ते त्यावरून सांगते.