दारू पिण्याचं कायदेशीर वय १८ करावं का?

१८ व्या वर्षी मत देता येतं, लायसन्स मिळतं, मग महाराष्ट्रात दारूसाठी २५ पर्यंत का थांबायचं, असा तुमचा प्रश्न. (बिअरला २१ चालतात, ते तुम्ही सोयीनं विसरलात.) मी बडोद्याचा. आमच्याकडे वय ४०. थट्टा नाही. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे प्यायला हेल्थ परमिट काढायचं तर चाळिशी गाठलेली हवी आणि तब्येतीसाठी दारू लागते असं सरकारी डॉक्टरनं म्हणायला हवं. माझं परमिट ४४ व्या वर्षी झालं. झोप लागत नाही, असं लिहून दिलं होतं. झोप मला उत्तम लागते.

प्यायलो मात्र १९ व्या वर्षी, १९९४ मध्ये. आजवा रोडला, वस्ती संपते त्याच्या पुढे एका शेताच्या बांधावर. आम्ही तिघं, दोन लुना, आणि गुजराती वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक हाफ. ‘इंग्लिश आहे, बिनधास्त घ्या,’ असं देणारा म्हणाला होता. लेबल अर्धं निघालेलं. पाणी आणायचं राहिलं, बरोबर फक्त गाठियांची पुडी. लांबून एक हेडलाइट वळताना दिसला आणि तिघांनी तो हाफ दहा मिनिटांत संपवला. सावकाश पिणं म्हणजे काय ते मला तिशीनंतर कळलं. पोलिसांच्या जीपची वाट बघत पिणारा माणूस घोट घेत नाही, पुरावा नष्ट करतो.

येताना मित्र लुनावरून पडला. भुवई फाटली, शर्ट लाल. दवाखान्यात नेऊ, असं कोणाच्या तोंडून निघेना, कारण वास येणार आणि पोलीस केस होणार. इथे परमिटशिवाय नुसतं पिणं हाही गुन्हा. शेवटी दांडिया बाजारातल्या एका ओळखीच्या कंपाउंडरला उठवलं. त्यानं बॅटरीच्या उजेडात, भूल न देता पाच टाके घातले. मित्राच्या तोंडात त्याचाच रुमाल कोंबला होता. भुवईत अजून तेवढी जागा केसांशिवाय आहे.

घरी पोचलो तर पुण्याहून अण्णाकाका आलेले. त्यांचं व्हिजिटर परमिट, समोर पेला, पेल्यात बर्फ. त्यांनी उठून माझ्या कानाखाली वाजवली आणि बाबांना म्हणाले, ‘बंदी असून ही तऱ्हा! धाक नाही तुझा.’ मग पुन्हा बसले आणि पेला उचलला.

आईनं मारलं नाही. तिनं ट्यूबलाइट लावली आणि बोटं किती, ते विचारलं. पाचच वर्षांपूर्वी, १९८९ मध्ये, बडोद्यात लठ्ठ्यानं शंभरावर माणसं गेली होती. लठ्ठा म्हणजे मिथेनॉल मिसळलेली दारू. ती लगेच कळत नाही. बारा, कधी चोवीस तासांनी डोळ्यांपुढे धुकं येतं. म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आई दर तासाला मला कॅलेंडरपुढे उभं करून बारीक अक्षरातल्या तिथ्या वाचायला लावत होती. संकष्टी, एकादशी, अमावास्या. तो महिना मला अजून पाठ आहे.

तर वयाचं. गोवा, राजस्थान १८. मध्य प्रदेश २१. दिल्ली २५. हरियाणानं २५ चं २१ केलं, केरळनं २०१७ मध्ये उलट २१ चं २३ केलं. इथली पोरं शनिवारी शामळाजीच्या पुढे रतनपूरला राजस्थानची हद्द ओलांडतात, की झाली कायद्यानं सज्ञान. रविवारी रात्री परत येताना पुन्हा अज्ञान. माझं मत विचाराल तर सगळीकडे एकच वय करा, २१. आणि त्या वयाला दुकानातून बिल घेऊन, लेबल वाचून बाटली मिळू द्या. अण्णाकाका तीस वर्षं म्हणतायत की आकडा चढवला की पोरं सुधारतात. आमच्याकडे तर तो चाळीसपर्यंत चढवून ठेवलाय, आणि १९६० पासून बंदी आहे. तरी २००९ मध्ये अहमदाबादला लठ्ठाकांड झालं, २०२२ मध्ये बोटादला झालं. मेले ते परमिटवाले नव्हते. पोटली, म्हणजे पिशवीतली गावठी, पिणारे मजूर होते.

१८ का नको? कारण त्या वयात मेंदूची वाढ चालू असते, आणि १८ केलं की बारावीच्या वर्गात बाटली पोचते. शिवाय इथल्या बायकांना विचारलंत तर बऱ्याच जणी बंदी उठवू नका म्हणतील. माझी बायकोही म्हणते. तिच्या माहेरचं जे तिनं पाहिलंय त्यापुढे माझं काही चालत नाही. आणि त्या रात्रीच्या आमच्या तिघांतला तिसरा पुढे दारूनंच गेला, परमिट असून. हे आधी सांगायला हवं होतं.

तुमचा मुलगा बारावीत आहे म्हणता. त्याला आकडा सांगू नका. काही झालं तर रात्री दोन वाजताही आधी घरी फोन करायचा, थप्पड पडणार नाही, एवढं सांगा. आणि हे सांगताना तुमच्या हातात पेला नसू द्या. अण्णाकाका आता ऐंशीचे आहेत, हे वाचणार नाहीत. चुलतभाऊ वाचतो. बाबांचा धाक होता रे. म्हणूनच आम्ही मित्राला दवाखान्यात नेलं नाही.