टेस्टिंग लॅबमधून जर्मनीत मटेरियल सायन्सला यायचं असेल तर

दादा म्हणून लिहिलंस, तेव्हा मीही तू म्हणूनच उत्तर देतो. तुझा प्रश्न थोडक्यात असा: मेकॅनिकलची पदवी, नाशिकमधल्या अंबडच्या एका धातू-टेस्टिंग लॅबमध्ये तीन वर्षं टेन्साइल (ओढून तोडण्याची), हार्डनेस, मायक्रो (सूक्ष्मदर्शकाखाली रचना बघण्याची) आणि सॉल्ट स्प्रे (गंजाची) टेस्ट, आणि आता जर्मनीत मटेरियल सायन्सचं मास्टर्स करायचंय. कन्सल्टंट म्हणतो की टेस्टिंगचा अनुभव 'रूटीन' आहे, अर्जात तो एका ओळीत उरक आणि एआय, नॅनो असले शब्द घाल. शिवाय खर्च किती, भाषा लागते का, थेट पीएचडी होते का, आणि इकडे सध्या नेमकं कशावर काम चालतं, हेही विचारलंयस.

कन्सल्टंटचं ऐकू नकोस. तुझ्या अर्जात दम आहे तो त्या 'रूटीन'मध्येच. का ते सांगतो.

२०२३ साल आठव. जुलैत कोरियातून एलके-९९ची बातमी आली, नेहमीच्या तापमानाला आणि नेहमीच्या दाबाला अतिवाहक, म्हणजे वीज काहीही रोध न होता वाहून नेणारा पदार्थ! चुंबकावर एका कडेने उचललेला तो काळा तुकडा तुझ्याही फोनवर आला असेल. महिन्याभरात फुगा फुटला. नमुन्यात कॉपर सल्फाइडची भेसळ होती. ते शंभर अंशांच्या थोडं वर आपली रचना बदलतं आणि रोध एकदम घसरतो. श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत त्याच पदार्थाचा शुद्ध स्फटिक वाढवला, तर तो चक्क विद्युतरोधक निघाला. म्हणजे सगळं प्रकरण मिटलं ते "सँपलमध्ये आणखी काय काय आहे?" या प्रश्नावर. हा प्रश्न तू रोज स्पेक्ट्रोसमोर (धातूत कुठली मूलद्रव्यं किती ते सांगणाऱ्या यंत्रासमोर) उभी राहून विचारतेस.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गूगलच्या डीपमाइंड या एआय कंपनीने संगणकाने शोधलेल्या २२ लाख नव्या स्फटिकरचना जाहीर केल्या, त्यातल्या सुमारे ३ लाख ८० हजार स्थिर असाव्यात असं सांगितलं. सोबतच बर्कलीच्या रोबो-प्रयोगशाळेचा निबंध आला: १७ दिवसांत, ५८ पैकी ४१ पदार्थ माणसाचा हात न लागता तयार. मग स्फटिकशास्त्रातल्या लोकांनी एक्स-रे डिफ्रॅक्शनचे (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना ओळखण्याच्या तंत्राचे) आलेख उघडून बघितले आणि हरकत घेतली की विश्लेषण कच्चं आहे, आणि 'नवे' म्हटलेले बरेच पदार्थ आधीच माहीत असलेले दिसतात. मी एआयच्या विरोधात नाही. आमच्याकडेही मायक्रोस्ट्रक्चरच्या फोटोंवरून ग्रेन साइज (धातूतल्या कणांचा आकार) आता प्रोग्रामच काढतो. पण पदार्थ सुचवणं स्वस्त झालंय, तो खरंच तसा आहे हे दाखवणं अजून महाग आणि वेळखाऊ आहे. मोजणारा माणूस त्यामुळेच लागतो.

आता तुझ्या हाताशी असलेला विषय: हायड्रोजन. जर्मनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये ९,०४० किलोमीटरच्या हायड्रोजन पाइपलाइन जाळ्याला मंजुरी दिली, २०३२ पर्यंत टप्प्याटप्प्याने. त्यातला सुमारे ६० टक्के भाग नवा नाही, जुन्या नैसर्गिक वायूच्याच लाइनी वळवायच्या आहेत. आणि हायड्रोजन पोलादाला ठिसूळ करतो. ही गोष्ट विल्यम जॉन्सनने १८७५ मध्येच लिहून ठेवली होती, तरी आतमध्ये नेमकं काय घडतं यावर अजून वाद चालू आहेत. हायड्रोजनचा अणू इतका लहान की तो लोखंडाच्या जाळीतून खोलीच्या तापमानालाही सरकत राहतो, ताण जास्त असेल तिथे गोळा होतो. वजनात दहा लाखांत दोन-चार भागही पुष्कळ होतात.

तुला हे नवीन नाही. १२.९ ग्रेडचे, म्हणजे फार मजबूत बोल्ट झिंक प्लेटिंगनंतर लगेच साधारण २०० अंशांना काही तास बेक का करायचे? प्लेटिंगमध्ये आत शिरलेला हायड्रोजन बाहेर काढायला. आणि बेकिंग चुकलेला बोल्ट तुझ्या यूटीएमवर (ओढून तोडायच्या मशीनवर) पास होतो, गाडीत बसवल्यावर दोन दिवसांनी डोकं उडतं, हेही तू पाहिलं असशील. नेहमीची टेन्साइल टेस्ट एक-दोन मिनिटांत संपते, तेवढ्यात हायड्रोजनला सरकायला वेळच मिळत नाही. म्हणून तर नॉच केलेल्या सँपलवर तुटण्याच्या ७५ टक्के भार २०० तास लटकवून ठेवायची टेस्ट असते. इकडे संशोधनात तेच तत्त्व पुढे नेलंय: अतिमंद वेगाने ओढायचं, दाबाखालच्या हायड्रोजन वायूत ओढायचं, किंवा भेग आधीच पाडून ती प्रत्येक फेऱ्यात किती वाढते ते मोजायचं. हायड्रोजनमध्ये ही भेग हवेपेक्षा दहापट किंवा त्याहूनही वेगाने वाढू शकते. दुसऱ्या टोकाला अॅटम प्रोब आहे. सुईच्या टोकावरून एकेक अणू उडवायचा आणि तो कुठला ते ओळखायचं. यंत्राच्या पोकळीत साधा हायड्रोजन नेहमीच थोडा असतो, म्हणून सँपलमध्ये ड्युटेरियम (जड हायड्रोजन) भरतात आणि सगळं अतिथंड ठेवूनच हलवतात. २०१७ आणि २०२० मध्ये अशाच प्रयोगांत कार्बाइडपाशी (कार्बन आणि धातूच्या संयुगाच्या बारीक कणांपाशी) अडकलेला ड्युटेरियम थेट दिसला. म्हणजे पोलादात बारीक कार्बाइड मुद्दाम पेरून हायड्रोजनला अडकवून ठेवता येईल का, हा आता खरा संशोधनाचा प्रश्न झालाय.

मी रूर भागात पाइपलाइनच्या पोलादावरच काम करतो, त्यामुळे इथे जरा जास्त रमलो. पण तुझा अनुभव आणि चालू संशोधन यांचं सगळ्यात जवळचं दार हेच आहे असं माझं मत आहे.

दुसरं दार 'हिरव्या' पोलादाचं. जगाच्या कार्बन उत्सर्जनातला ७ ते ८ टक्के वाटा एकट्या पोलादाचा. कोळशाऐवजी हायड्रोजनने लोहखनिजातला ऑक्सिजन काढला तर बाहेर पाणी पडतं, कार्बन डायऑक्साइड नाही. दुसरा मार्ग भंगार वितळवण्याचा, पण भंगारातून तांबं आणि कथील येतं, ते भट्टीत निघत नाही आणि रोलिंगच्या वेळी पृष्ठभाग फाटतो. किती तांबं चालेल, कुठल्या ग्रेडला चालेल, हे ठरवायला पुन्हा ढीगभर टेस्टिंग. ड्युसेलडोर्फची जी माक्स प्लांक संस्था १९१७ पासून लोखंडाची म्हणून ओळखली जायची, तिने २०२४ मध्ये नावच बदलून 'शाश्वत पदार्थ' केलं. वारं कुठे वाहतंय ते यावरून कळेल. बॅटरी आणि पेरोव्हस्काइट सौरपेशी यांना पैसा खूप आहे, पण तिथे रसायनशास्त्राच्या मुलांची गर्दी आहे. तू कशाला त्या रांगेत उभी राहतेस?

अर्ज कुठे करायचा: विद्यापीठाच्या रँकिंगपेक्षा प्रयोगशाळा बघ. आखन पोलादासाठी जुनं आणि भक्कम. फ्रायबेर्गची खाणविद्यापीठाची परंपरा १७६५ पासूनची, जर्मेनियम १८८६ मध्ये तिथेच सापडलं. मात्र हे सॅक्सनीतलं फ्रायबेर्ग, दक्षिणेतलं फ्रायबुर्ग वेगळं, अर्ज भरताना लोक गोंधळतात. एर्लांगेन आणि डार्मश्टाटही बघ, आणि जर्मनीबाहेर जायची तयारी असेल तर ऑस्ट्रियातलं लेओबेन. बर्लिनची बीएएम ही पदार्थ-परीक्षणाची सरकारी संस्था पदवी देत नाही, पण मास्टर्सचा थीसिस तिथे करता येतो, आणि तुझ्यासारखीला तो फार शोभेल. मार्टेन्साइट (कडक पोलादातली रचना) ज्यांच्या नावाने ओळखतात ते आडोल्फ मार्टेन्स तिच्या पूर्वज संस्थेचे प्रमुख होते.

भाषेचं सरळ सांगतो. वर्ग इंग्रजीत, प्रोफेसर इंग्रजीत, निबंध इंग्रजीत. पण सँपल कापून देणारा वर्कशॉपमधला माणूस जर्मनच बोलतो, आणि कुणाचं काम आधी मशीनवर चढवायचं ते तो ठरवतो. नोकरीच्या वेळी तर टेस्टिंगमध्ये रिपोर्ट आणि ग्राहक दोन्ही जर्मन. जर्मनची बी-वन पातळी नाशिकमध्ये असतानाच पूर्ण कर. इथे आल्यावर वेळ मिळेल असं सगळे म्हणतात, मिळत नाही.

पैसा: सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही, फक्त दर सत्राचं अंशदान भरावं लागतं. अपवाद लक्षात ठेव: बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ पासून त्याहून बरीच जास्त फी लावली आहे. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) दाखवावे लागतात, भरण्याआधी आकडा अधिकृत पानावर पुन्हा तपास. एपीएस प्रमाणपत्र (तुझ्या पदवीची कागदपत्रं तपासून मिळणारं) भारतीयांना सक्तीचं आहे आणि त्याला वेळ लागतो, सुरुवात त्यानेच कर. घरचं शेत किंवा फ्लॅट गहाण ठेवून येऊ नकोस. पार्टटाइम कामातून महिन्याचा खर्च बराचसा निघतो, कर्जाचा हप्ता निघत नाही.

थेट पीएचडीचं विचारलंस. मास्टर्सशिवाय इथे ते अवघड आहे. पण पीएचडी म्हणजे इथे करार आणि पगाराची नोकरी, म्हणून मास्टर्सची दोन वर्षं निघाली की चित्र बदलतं. गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटी मुंबईत एमटेक आणि मग पीएचडीला इकडे, हाही रस्ता चांगला आहे आणि पुष्कळ स्वस्त. जमशेदपूरच्या एनएमएल या राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळेतलं क्रीपचं (तापलेला धातू ताणाखाली हळूहळू लांबण्याचं) काम वाच. शिवाय नाशिकजवळच्या ओझरला २०२५ मध्ये तेजस लढाऊ विमानाची नवी उत्पादन-लाइन सुरू झाली आहे. विमानाच्या भागांच्या टेस्टिंगचं कामही नाशिकच्या उंबऱ्यावर मिळू शकतं, आणि परत यायचं मनात असेल तर ते डोक्यात ठेव.

आता अर्जाच्या पत्रात काय लिहायचं. 'मला लहानपणापासून विज्ञानाची आवड' हे काढून टाक. त्याऐवजी एक खरा प्रसंग लिही: एकाच हीट नंबरच्या (एकाच भट्टीच्या वितळीतल्या) सँपल्सचे आकडे पसरलेले आले तेव्हा तू ग्रिप बघितली, एक्स्टेन्सोमीटर (लांबी किती वाढली ते मोजणारा) बघितला, मग मायक्रो काढून रिटेन्ड ऑस्टेनाइट (कडक करताना न बदललेला भाग) की डीकार्ब (पृष्ठभागातला कार्बन कमी होणं) ते शोधलंस. मापनाची अनिश्चितता तू स्वतः काढली असशील तर तो हिशेब कसा केलास ते दोन ओळींत लिही. अर्जदारांपैकी फार थोड्यांनी हे हाताने केलेलं असतं. तुझी लॅब एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या भारतीय मंडळाची) मान्यताप्राप्त असेल तर तेही ठळक लिही, कारण आयएसओ १७०२५ हे टेस्टिंग लॅबसाठीचं मानक इथेही तेच आहे आणि ऑडिटला इथेही तसाच घाम फुटतो.

आणि मालकाकडून अनुभवाचं पत्र आत्ताच घे, राजीनामा दिल्यावर ते लांबतं. 'क्वालिटी इंजिनीअर म्हणून काम केले, वर्तणूक चांगली' असलं चार ओळींचं नको. कुठली यंत्रं, त्यांची क्षमता, कुठल्या मानकांप्रमाणे टेस्ट, रिपोर्टवर सही करायचा अधिकार होता का, हे सगळं लेटरहेडवर, तारखांसकट. मसुदा तूच टाइप करून ने, ते वाचून सही करतील. मसुदा झाला की मला पाठव, बघून देतो.