पोर्तुगालमध्ये आठ दिवस आहोत, तिथलं खाणं नीट कळायला सुरुवात कुठून करावी?

गल्लीतल्या एखाद्या 'ताश्का'पासून, म्हणजे घरगुती खानावळीपासून. तिथे प्रत्येकाने आपापली डिश मागवू नका. 'पेतिश्कुश' म्हणजे छोट्या बश्या मागवा आणि चौघांत वाटून खा. लसूण-कोथिंबीर घातलेल्या तिसऱ्या (शिंपल्या) आल्या तर खालचा रस्सा पावाने पुसून घ्यायचा, लाजायचं नाही. (आपला 'पाव' शब्द त्यांच्याकडूनच आलाय.) बसल्याबसल्या न मागता पाव, ऑलिव्ह, चीज समोर येतं. ते फुकट नसतं. हात लावलात तर बिलात येतं, नको असेल तर परत पाठवा.

पण माझं मत विचाराल तर एक वेळचं जेवण सोडा आणि सेरा दा इश्त्रेला डोंगराकडचं मेंढीच्या दुधाचं चीज खा. दूध विरजतात ते एका काटेरी रानफुलाने. मऊ असेल तर वरची चकती झाकणासारखी कापायची आणि आतलं चमच्याने काढून पावाला लावायचं. वास उग्र असतो, पहिल्या घासाला नाक मुरडाल!

पोर्तो शहरात असाल तर बुल्यांव मंडईत सकाळी जा. दुरुस्तीनंतर ती 2022 मध्ये पुन्हा उघडली.

बाकाल्याव, म्हणजे खारवून सुकवलेला कॉड मासा, खाच; फक्त तो नॉर्वे-आइसलँडकडचा असतो. स्थानिक हवं तर उन्हाळ्यात भाजलेली तारली (सार्डिन मासे).