भावाला आतड्याचा कर्करोग झाला. मी रक्तातलं आरएनए तपासून घेऊ का?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ४१. थोरल्या भावाचं मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, तेव्हा तो ४६ वर्षांचा होता. आमची आईही गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली. मला स्वतःला काहीच त्रास नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवर एक जाहिरात आली आहे : ‘रक्तातल्या आरएनएवरून आतड्याचा कर्करोग ओळखा, दुर्बिणीची गरज नाही.’ माणूस घरी येऊन रक्त घेऊन जातो म्हणे. दुर्बिणीची मला फार भीती वाटते. ही तपासणी करू का? यजमानांना (वय ५२) मूळव्याधीमुळे रक्त जातं, त्यांचीही सोबतच करून घ्यावी का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : ताई, तुम्ही ही तपासणी करू नका. रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला की तुम्ही निर्धास्त व्हाल आणि दुर्बीण (कोलोनोस्कोपी) पुढे ढकलाल, याची मला खरी काळजी वाटते. तुमच्या घरचा इतिहास बघता तसं होऊन चालणार नाही.

यामागचं विज्ञान खोटं नाही, हे आधी सांगते. डीएनए शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींत सारखंच असतं. कोणती पेशी आत्ता काय काम करते आहे, ते आरएनएवरून कळतं. म्हणून पेशी बिघडली की आरएनएचं चित्र बदलतं. त्यातले मायक्रोआरएनए म्हणजे जेमतेम बावीस अक्षरांचे तुकडे. १९९३ साली ते एका सूक्ष्म कृमीत सापडले आणि त्या शोधाला २०२४ चं नोबेल मिळालं. हे तुकडे प्रथिनांना चिकटून किंवा इवल्या पिशव्यांत बसून रक्तात टिकतात, हे २००८ च्या सुमारास दिसलं. पुढच्याच वर्षी आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तात मिर-९२ए नावाचा मायक्रोआरएनए वाढलेला आढळला आणि जगभर आशा पालवली. मीही तेव्हा ते सगळं उत्साहाने वाचत होते.

अडचण कुठे येते, ते प्रयोगशाळेत उभं राहिलं की दिसतं. रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून बाहेर काढली की वरचा प्लाझ्मा फिकट पिवळा दिसायला हवा. पण सुई बारीक असेल, सिरिंज जोरात ओढली असेल, नळी खळखळून हलवली असेल किंवा वैशाखात दुचाकीच्या डिकीत तासभर राहिली असेल, तर प्लाझ्मा गुलाबी होतो. लाल पेशी फुटलेल्या असतात. ‘सॅम्पल हिमोलाइझ झालंय, परत घ्या,’ असं आमचे टेक्निशियन रोज कुणाला ना कुणाला सांगत असतात. आता गंमत नव्हे, दुर्दैव असं की मिर-९२ए लाल पेशींतही भरपूर असतो. मिर-१६ आणि मिर-४५१ तर त्याहून जास्त. म्हणजे आतडं ठणठणीत असूनही केवळ रक्त नीट काढलं नाही म्हणून आकडा वाढू शकतो. गुलाबी रंग डोळ्यांना दिसण्याआधीच ही गडबड सुरू झालेली असते. चांगले संशोधक म्हणूनच आधी लाल पेशी किती फुटल्या ते मोजतात, मग पुढे जातात. घरी येऊन रक्त नेणाऱ्यांना हे विचारून बघा.

आरएनएची रक्तचाचणी बाजारात येऊन गेली नाही, असंही नाही. कॅनडात २००८ साली सात जनुकांच्या आरएनएवर बेतलेली एक चाचणी आली. रक्त नळीत पडताक्षणी आरएनए स्थिर करणारं द्रावण त्या नळीतच असे. पण ते आरएनए गाठीचं नव्हतं, रक्तातल्या पेशींचं होतं. प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिने शंभरातले ७२ रुग्ण ओळखले आणि शंभर निरोग्यांतल्या ३० जणांना उगाच घाबरवलं. अशा रिपोर्टवर मी माझ्या घरच्या माणसाला निश्चिंत राहायला सांगणार नाही.

अमेरिकेत २०२४ साली जिला मान्यता मिळाली ती ‘शील्ड’ ही रक्तचाचणी डीएनए बघते. ७,८६१ जणांच्या अभ्यासात ६५ कर्करोग होते, त्यातले ५४ तिने पकडले. हे कौतुकास्पदच आहे. पण कर्करोगाच्या उंबरठ्यावरच्या गाठी तिला शंभरात तेराच सापडल्या. त्याच वर्षी मान्य झालेली ‘कोलोसेन्स’ आरएनए बघते खरी, पण शौचातलं. तिला अशा गाठी शंभरात पंचेचाळीसच्या आसपास दिसतात. आणि या दोन्ही चाचण्या सर्वसाधारण जोखमीच्या, ४५ वर्षांपुढच्या लोकांसाठी आहेत. तुम्ही त्यांत बसत नाही.

त्या उंबरठ्यावरच्या गाठींना मी इतकं महत्त्व का देते? अशा गाठीचा, म्हणजे आतड्यातल्या पॉलिपचा, कर्करोग व्हायला बहुधा कित्येक वर्षं लागतात. दुर्बिणीतून तो दिसला की तिथल्या तिथे काढता येतो आणि कर्करोग होतच नाही. हे काम कुठलीही रक्तचाचणी करत नाही. भाऊ ४६ व्या वर्षी आजारी पडला, म्हणजे नेहमीच्या हिशेबाने त्याच्या वयाच्या दहा वर्षं आधी, ३६ व्या वर्षी, तुमची पहिली दुर्बीण व्हायला हवी होती. महिन्याभरात करून घ्या.

तुमच्या पत्रात मी सगळ्यात जास्त थांबले ते आईच्या आजारापाशी. तो गर्भाशयाच्या तोंडाचा होता की आतल्या अस्तराचा, हे जुन्या कागदांत शोधा. अस्तराचा कर्करोग आणि तरुण वयातला आतड्याचा कर्करोग एकाच घरात आढळले, तर लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक दोष मनात येतो. भावाचा बायोप्सी रिपोर्ट काढा. त्यात ‘एमएमआर’ या शीर्षकाखाली एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ अशी चार नावं असतील. डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी ही प्रथिनं. एखाद्यापुढे ‘लॉस’ (म्हणजे ते प्रथिन गाठीत दिसत नाही) लिहिलं असेल, किंवा ही तपासणी झालेलीच नसेल, तर भावाच्या कर्करोगतज्ज्ञांना गाठा. आधी भावाची जनुकीय तपासणी होईल. त्यात दोष निघाला तर तुमची, आणि ती रक्तावरच होते. रक्त द्यायचंच तर या कामासाठी द्या. दोष तुमच्यातही आला असेल, तर दर एक-दोन वर्षांनी दुर्बीण लागेल आणि गर्भाशयावरही लक्ष ठेवावं लागेल.

भीतीबद्दल सांगते. तपासणीपेक्षा आदल्या दिवसाचाच त्रास जास्त. दोन-तीन दिवस आधीपासून पेरू, डाळिंब, अंजीर, टोमॅटो बंद. बिया आतड्यात चिकटून राहतात. आदल्या दिवशी गाळलेलं वरणाचं पाणी, नारळपाणी, दूध न घालता चहा. लाल सरबत नको, ते रक्तासारखं दिसतं. पोट साफ करणारं द्रावण गार करून घोट घोट घेतलं की मळमळ कमी होते. शेवटी शौचाला पिवळसर पाणीच व्हायला हवं. तपासणीच्या वेळी गुंगीचं इंजेक्शन मागून घ्या. त्या दिवशी स्वतः गाडी चालवू नका, कुणाला तरी सोबत न्या.

यजमानांचं उत्तर छोटं आहे. त्यांना रक्त दिसतंच आहे, तेव्हा ते कुठून येतं हे बघायलाच हवं. ‘मूळव्याध’ हे निदान कुणी तपासून केलं आहे की घरीच ठरलं आहे? सर्जनकडे बोटाने तपासणी, हिमोग्लोबिन आणि या वयात दुर्बीणही करून घ्या. सीईए (कर्करोगात रक्तात वाढू शकणारं एक प्रथिन) नॉर्मल आला तरी त्यावर थांबू नका. सुरुवातीच्या कर्करोगात तो बऱ्याचदा वाढत नाही. ऑपरेशननंतर लक्ष ठेवायला तो वापरतात. दोघांची वेळ एकाच आठवड्यात घेतलीत, तर पथ्याचा स्वयंपाकही एकदाच होईल.