बडोद्यात फिरून केक चाखायचे असतील तर सुरुवात कुठून करावी? एका दिवसात होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून बदलीवर आलात, गोत्रीला राहता, पुढच्या महिन्यात बायकोचा चाळिसावा वाढदिवस आहे. त्याआधी एक दिवस स्कूटरवर फिरून पाच-सहा दुकानांतले केक चाखायचेत. सुरुवात कुठून करू, दिवसात उरकेल का, आणि जिथे तिथे ‘एगलेस’च्या पाट्या आहेत तर ‘खरा’ केक कुठे मिळेल?

दिवसात उरकेल, पण उरकू नका. तिसऱ्या दुकानापर्यंत जीभ शाबूत असते. चौथ्याला सगळंच गोड लागतं आणि पाचव्याला काहीच लागत नाही. हे सगळं मी करून बसलेय. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात बाबांना पंच्याहत्तर पूर्ण झाली. घरी चाळीस माणसं जेवायला. केकचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात बाकीच्यांना काही ना काही काम होतं आणि मला गाडी चालवता येते. मी आणि माझा भाचा, तेव्हा तो आठवीत होता, तीन रविवार बडोदंभर हिंडलो. (वडोदरा पाटीवर. दांडिया बाजारात वाढलेल्या माणसाच्या तोंडात बडोदंच येतं.) मी पुढे अ‍ॅक्टिव्हावर, तो मागे मांडीवर खोकी सांभाळत. अकरा दुकानं झाली.

पहिला रविवार पूर्ण वाया गेला. एका दुकानात ट्रफल घेतलं, दुसऱ्यात ब्लॅक फॉरेस्ट, तिसऱ्यात ब्लूबेरी. संध्याकाळी घरी चर्चा सुरू झाली तेव्हा लक्षात आलं की तुलना होतच नाहीये. एकीच्या हातची आमटी आणि दुसरीच्या हातची भाजी खाऊन सुगरण कोण ते कसं ठरवणार? मग भाच्यानेच नियम घातला: मावशी, प्रत्येक दुकानात फक्त पायनॅपल पेस्ट्री.

पोरगं बरोबर होतं. चॉकलेटच्या केकमध्ये कोको सगळ्यांच्या चुका पोटात घालतो. पायनॅपलमध्ये लपायला जागा नाही. पांढरं क्रीम, साधा स्पंज, थोडा पाक, अननसाचे चार तुकडे, बास. स्पंज शिळा असेल तर कळतो, पाक जास्त मारून तो शिळेपणा झाकला असेल तर तेही कळतं, कारण चमचा घातला की खालून पाणी सुटतं. आणि हो, डब्यातला अननस वापरतात म्हणून नाक मुरडू नका. ताज्या अननसात प्रथिनं तोडणारं एक एन्झाइम असतं, त्याने दुधाचं क्रीम कडवट होतं. डब्यात भरताना उष्णता दिल्यामुळे ते निकामी होतं. इथे डबाच बरा.

आता क्रीम. माझ्या मते केक चांगला की वाईट याचा निम्मा निकाल इथेच लागतो. बहुतेक दुकानांत जे पांढरंशुभ्र, कडक, नॉझलमधून निघालेली प्रत्येक पाकळी जपणारं क्रीम असतं त्यात दुधाचा संबंध थोडा किंवा अजिबात नसतो. ते पाम कर्नलसारख्या वनस्पती तेलापासून केलेलं असतं, साखर आधीच घातलेली असते, आणि फेटलं की तिप्पट-चौपट फुगतं. दुधाचं क्रीम जेमतेम दुप्पट होतं, त्यालाही स्निग्धांश तीस टक्क्यांच्या वर लागतो. म्हणून भाजीत घालायचं पंचवीस टक्क्यांचं फ्रेश क्रीम घरी कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. (माझी मोठी बहीण एकदा अर्धा तास फेटत बसली होती.) ओळखायचं कसं? चमच्याच्या टोकावर नुसतं क्रीम घ्या, जिभेवर ठेवा आणि तोंड मिटा. दुधाचं असेल तर विरघळून जातं. वनस्पती तेलाचं असेल तर गोडवा जातो आणि टाळूला मेणचट थर राहतो. चॉकलेटचंही तसंच. कोको बटरचं चॉकलेट तोंडात वितळतं, कंपाउंड, म्हणजे वनस्पती तेलाचं स्वस्त चॉकलेट, चघळावं लागतं.

हे कळल्यावर मी अर्थातच शहाणी झाले आणि ‘आपण दुधाच्याच क्रीमचा केक करायचा’ असं घरी जाहीर केलं. दुसऱ्या रविवारी रेसकोर्सकडच्या एका दुकानातून तसा अर्धा किलो, वर हापूसचे ताजे काप, असा नमुना घेतला. दुपारचे दोन, बेचाळीस अंश. अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या बोगद्यात, ट्रॅफिक अडकला. दहा मिनिटांनी मागून आवाज आला, ‘मावशी, आंबा खाली उतरतोय.’ घरी खोकं उघडलं तेव्हा केक एका बाजूला कलला होता आणि आंब्याच्या पाण्याने क्रीम पिवळं झालं होतं. चव अप्रतिम होती. आम्ही तो वाटीत घालून श्रीखंडासारखा खाल्ला. पण चाळीस माणसांसमोर वाटीतला केक कसा कापणार? बडोद्याच्या उन्हाळ्यात दुकानदार वनस्पती क्रीम का वापरतात ते त्या गरनाळ्यात कळलं, आणि त्यानंतर मी त्यांना मनातल्या मनात शिव्या देणं थांबवलं. बायकोचा वाढदिवस थंडीत असेल तर बेधडक दुधाचं क्रीम सांगा. उन्हाळ्यात असेल तर घरातल्या घरात, फ्रीजमधून थेट टेबलावर, एवढंच त्याचं झेपतं.

‘खरा’ केक म्हणजे अंड्याचा, हा शब्द मात्र मला जरा टोचला. इथे जैन आहेत, वैष्णव आहेत, आमच्या आत्यासारखे अंड्याचं भांडं गॅलरीत ठेवणारे मराठी ब्राह्मणही आहेत. काउंटरवर ‘एगलेस ज छे ने?’ आणि त्यावर ‘हा बेन, सो टका’ हा संवाद वजनाच्याही आधी होतो. इतकी वर्षं रोज हेच मागितलं गेलं तर कारागिराचा हात त्यात बसणारच. कंडेन्स्ड मिल्कचा चॉकलेट स्पंज, खजूर-अक्रोडाचा केक, मावा केक, यांत अंडं नाही हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. पण खोटं कशाला बोलू, साधा व्हॅनिला स्पंज आणि स्विस रोल इथे जमलेला मी फार कमी वेळा खाल्ला. अंडं दोन कामं करतं. फेटल्यावर हवा धरून ठेवतं आणि भाजल्यावर घट्ट होऊन ती जाळी तशीच उभी ठेवतं. ते काढलं की फुगवायचं काम दही किंवा व्हिनेगर आणि सोड्यावर येतं, तोलायचं काम नुसत्या मैद्यावर. म्हणून तुकडा भुसभुशीत होतो आणि गुंडाळायला गेलं की फाटतो. कोको, खजूर, मावा ही उणीव झाकतात, व्हॅनिला झाकत नाही. स्पंजला सोड्याचा किंचित साबणासारखा वास आला तर तिथून निघा. अंड्याचाच हवा असेल तर फतेहगंजातल्या, कॅम्पाच्या बाजूच्या बेकऱ्यांमध्ये विचारा. आणि विचाराच, कारण पाटीवर लिहिलेलं नसतं.

फतेहगंजला डिसेंबरात जायला हवं खरं तर. जुनं छावणीचं गाव, चर्चं आहेत, ख्रिस्ती वस्ती आहे, नाताळच्या आधी प्लम केकच्या ऑर्डरी घेतात. पण गुजरातेत राज्य झाल्यापासून, म्हणजे 1960 पासून, दारूबंदी. मग सुका मेवा रममध्ये मुरवायचा कसा? संत्र्याच्या नाहीतर द्राक्षाच्या रसात मुरवतात. पुण्याच्या प्लम केकची आठवण घेऊन गेलात तर हिरमोड होईल. तसं न करता खाल्लात तर संत्र्याची किंचित कडसर चव साखरेला छान कापते. मला हाच आवडतो, पण मी इथलीच, माझं काय घेऊन बसलात. ब्लॅक फॉरेस्टचीही हीच गत आहे. मूळ जर्मनीतल्या केकमध्ये चेरीची दारू असते. इथे ती नाही, आणि गंमत म्हणजे वर बसलेली ती लालचुटूक चेरीही बहुधा चेरी नसते. करवंदं, बिया काढून, रंगवून, पाकात घातलेली! भाच्याला हे सांगितलं तेव्हापासून तो ब्लॅक फॉरेस्टला करवंद केक म्हणतो.

मॉलमधल्या आणि साखळी दुकानांबद्दल लिहीत नाही. पुण्यात खाल्लात तेच इथे मिळेल. मांडवी-रावपुऱ्याकडे केकसाठी जाऊ नका, तिकडे पेंढे घ्या. पण जुन्या गावातल्या भट्टीवाल्या बेकरीत सकाळी गेलात तर खारी, टोस्ट आणि नानखटाई गरम मिळते, आणि कागदाच्या वाटीतला तो छोटा पिवळा केकही. त्यात टुटीफ्रुटी, म्हणजे कच्ची पपई. बाबांना विचारलं होतं, ‘तुम्हाला कोणता केक हवा?’ ते म्हणाले, ‘तो गुलाबी फुलाचा, दाताखाली साखर कचकचणारा.’ तो आता कुणी करत नाही. एका दुकानदाराला वर्णन करून सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, ‘बेन, ए तो डालडानो जमानो हतो.’

ऑर्डर देताना एक हिशेब लक्षात ठेवा. केक वजनावर विकतात, आकारावर नाही. एक किलोचा क्रीमचा केक ढोलासारखा दिसतो, कारण आत हवा आहे. एक किलोचा ट्रफल त्याच्या शेजारी बिचारा वाटतो, कारण त्यातलं गनाश, म्हणजे चॉकलेट-क्रीमचं दाट मिश्रण, जड असतं. पाहुण्यांना मोठा केक दाखवायचा असेल तर क्रीम, पोटभर द्यायचा असेल तर ट्रफल. पंगतीनंतर माणशी शंभर ग्रॅमही पुष्कळ होतो. आम्ही तीन किलो ट्रफल सगळ्यांसाठी आणि अर्धा किलो दुधाच्या क्रीमचा आंब्याचा बाबांसाठी, असं केलं. आंब्याचा संध्याकाळी सातला आणला, तोही गरनाळं टाळून. शोकेसमधल्या तुकड्यावर भुलू नका, आणि त्यावरून नाकारूही नका. तो कधी कधी कालचा असतो. ‘आजनो छे?’ असं विचारलं तर उत्तर नेहमी ‘एकदम ताजो’ असंच येतं. त्याऐवजी कडा बघा. कापलेली बाजू कोरडी पडून क्रीमपासून सुटली असेल तर तो फ्रीजमध्ये रात्र काढून आलाय.

तुमच्यासाठी रस्ता असा: पहिल्या रविवारी गोत्री, रेसकोर्स, अलकापुरी, तीनच दुकानं, अकराच्या आत. दुसऱ्या रविवारी वासणा रोड आणि अकोटा करून दांडिया बाजारच्या पुलावरून गावात, किंवा सयाजीगंज आणि फतेहगंज. दोन दुकानांच्या मध्ये तिखट काहीतरी खा. आम्ही कीर्तिस्तंभाजवळ शेव-उसळ खायचो. तोंड इतकं पोळतं की पुढची पेस्ट्री नव्या जिभेने खाल्ल्यासारखी लागते. पाणी पिऊन हे होत नाही, करून बघितलंय. प्रत्येक दुकानात एकच पेस्ट्री घ्या, दोघांत अर्धी खा आणि उरलेली घरी आणा, कारण संध्याकाळी फ्रीजमधून काढून खाल्ली की खरी भानगड कळते. सकाळी बऱ्या वाटलेल्या दोन दुकानांचा स्पंज संध्याकाळी विटेसारखा झाला होता, आणि ज्या दुकानावर मी सकाळीच काट मारली होती तिथला मऊच राहिला. ऑर्डर त्यालाच दिली.

त्या दुकानदाराने बाकी सगळं चोख केलं. फक्त ‘बाबा, अमृतमहोत्सवाच्या शुभेच्छा’ हे मी फोनवर सांगितलं होतं, आणि कारागिराने ते सवयीप्रमाणे गुजराती वळणाने, शिरोरेषेशिवाय लिहिलं. अक्षरं ओळीत, पण डोक्यावर काही नाही. आत्या म्हणाली, हे काय वाळत घातलेले कपडे दोरीवरून पडल्यासारखं! भाच्याने वाटीत थोडं चॉकलेट वितळवलं, टूथपिक घेतली, आणि पाहुणे यायच्या आत वाकून वाकून प्रत्येक शब्दावर रेघ ओढली. महोत्सवापाशी चॉकलेट संपलं, म्हणून शुभेच्छा तशाच राहिल्या. बायकोचं नाव फोनवर सांगू नका, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या.